ओसाकाच्या तेकिजुकुत वैद्यक कसं शिकवत

तेकिजुकुत वैद्यक शिकायला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी पडायचं ते डच व्याकरण. नाडी नाही, औषधं नाहीत, हाडांची नावंसुद्धा नाहीत. दोन पुस्तकं असायची, एक शब्दरूपांचं आणि दुसरं वाक्यरचनेचं. ती दोन्ही पचेपर्यंत वैद्यकाच्या पुस्तकाला हात लावायला मिळत नसे. जपानमधल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकशाळांपैकी एकीची सुरुवात अशी व्हायची, आणि त्यामागे पक्कं कारण होतं.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून जपानने युरोपीयांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा ठेवली होती, तीही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या छोट्याशा कृत्रिम बेटापुरती. त्यामुळे युरोपचं वैद्यक, भौतिकशास्त्र, रसायन, तोफा ओतण्याची विद्या, सगळं डच भाषेच्या एकाच खिडकीतून आत यायचं. मूळ पुस्तक जर्मन असलं तरी जपानी वैद्याच्या हाती यायचा तो त्याचा डच अनुवाद. ज्याला डच वाचता येत नाही त्याच्यासाठी नवं वैद्यक नव्हतंच.

ही शाळा ओगाता कोआन यांनी १८३८ साली ओसाकात काढली. कोआन १८१० साली बिच्चू प्रांतातल्या आशिमोरी गावी एका लहानशा सामुराई घरात जन्मले. ओसाकात नाका तेन्यू, एदोत म्हणजे आजच्या तोक्योत त्सुबोई शिन्दो, असे गुरू करत ते १८३६ मध्ये नागासाकीला गेले आणि दोन वर्षांनी परतून त्यांनी वैद्यकी आणि शाळा एकदमच सुरू केली. 'जुकु' म्हणजे गुरूच्या घरात चालणारी खासगी पाठशाळा. 'तेकितेकिसाई' हे कोआन यांचं टोपणनाव. आपल्याला जे मानवतं त्यात रमणं असा त्याचा भाव, आणि तो प्राचीन चिनी ताओ ग्रंथातून आलेला. त्यावरून शाळेचं नाव तेकिजुकु. १८४५ मध्ये जागा पुरेना म्हणून त्यांनी जवळच एका व्यापाऱ्याचं दुमजली घर घेतलं. ते घर किताहामा भागात आजही उभं आहे. खाली पुढच्या बाजूला शिकवण्याच्या खोल्या, मागे कोआन यांचा संसार, वर विद्यार्थी. १८४४ पासून ठेवलेल्या प्रवेशवहीत ६३६ नावं आहेत, प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली. वहीत न आलेले धरले तर विद्यार्थी हजाराच्या आसपास असावेत असं मानतात. ओसाका विद्यापीठाची वैद्यकशाळा आपलं मूळ इथेच सांगते.

१८४५ हे साल मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. त्याच वर्षी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते. मुंबईच्या विद्यार्थ्याला नवं वैद्यक इंग्रजीतून सांगणारे प्राध्यापक मिळाले आणि शेजारीच जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय मिळालं. ओसाकाच्या विद्यार्थ्याला मिळाला एक शब्दकोश. ही तुलना मी उगाच करत नाही. तेकिजुकुची शिकवण्याची सगळी रीत या एका अभावातून घडलेली आहे.

आता रीत पाहू. व्याकरणाच्या दोन पुस्तकांच्या एदोत छापून निघालेल्या प्रती मिळत. नवा विद्यार्थी आधी पहिलं पुस्तक मोठ्याने वाचून पाठ करी आणि वरच्या इयत्तेतला मुलगा त्याला अर्थ सांगे. मग दुसऱ्या पुस्तकाचं तसंच. इथपर्यंत मदत मिळायची. त्यानंतर 'काइदोकु' सुरू होई, म्हणजे सामूहिक वाचन, आणि तिथून पुढे मदत बंद. एका शब्दाचा अर्थ कुणाला विचारणं हीसुद्धा नामुष्की. इथेच शिकलेल्या फुकुझावा युकिचीने उतारवयात आत्मचरित्र सांगून लिहवून घेतलं, त्यात तो स्पष्ट म्हणतो की कुणी विचारत नसे आणि विचारण्याइतका नेभळट कुणी नव्हताही.

शाळेत मूळ डच पुस्तकं सगळी मिळून दहाच्या आसपास होती, भौतिकशास्त्र आणि वैद्यक एवढीच. प्रत्येकाची एकेक प्रत. त्यामुळे काइदोकुची पहिली पायरी म्हणजे नक्कल. पुढच्या बैठकीत जेवढा भाग वाचायचा तेवढी तीन-चार पानं ज्याने त्याने आपल्या हाताने उतरवून घ्यायची. पुस्तक एक आणि उतरवणारे दहा-पंधरा, म्हणून पाळ्या लावायच्या. नक्कल करताना एक अक्षर चुकलं तर तो शब्द कोशात सापडणारच नाही आणि बैठकीत तोंड बंद. म्हणून नक्कल नीट करणं हाच अभ्यासाचा पहिला भाग.

दुसरी पायरी शब्दकोशाची. तेकिजुकुतला कोश म्हणजे हेंद्रिक दुफ या देजिमातल्या डच वखारप्रमुखाने नागासाकीच्या दुभाष्यांना हाताशी धरून रचायला घेतलेला कोश. त्याला आधार फ्रान्स्वा हाल्माच्या डच-फ्रेंच कोशाचा. दुफ मायदेशी परतल्यावर दुभाष्यांनी काम चालू ठेवलं आणि १८३३ मध्ये तो पुरा झाला. छापील नव्हे, हस्तलिखित, सुमारे तीन हजार पानांचा. विद्यार्थी त्याला 'झूफु' म्हणत आणि तो जिथे ठेवलेला असे त्या माडीवरच्या लहान खोलीला 'झूफुची खोली'. कोश खोलीबाहेर न्यायचा नाही हा नियम. बैठकीच्या आदल्या रात्री पाच-दहा जण त्या कोशाभोवती बसलेले, कुणी कुणाशी बोलत नाही, जो तो आपले शब्द शोधतोय, आणि दिवा पहाटेपर्यंत विझत नाही. झूफुने भागलं नाही तर वेइलंडचा सहा खंडांचा डच कोश होता. त्यात डच शब्दाचा अर्थ डचमध्येच दिलेला, म्हणजे एक शब्द उलगडायला आणखी दहा शब्द उलगडावे लागत.

कोश असूनही वाचन का अडायचं, हे डच भाषेचं एकच वैशिष्ट्य पाहिलं की कळेल. 'नेमन' म्हणजे घेणं आणि 'ओप' म्हणजे वर. दोन्ही जोडून 'ओपनेमन' झालं की अर्थ होतो आत घेणं, शोषून घेणं. पण वाक्यात हे क्रियापद फुटतं. 'नेम्ट' सुरुवातीला येतं आणि 'ओप' पार शेवटी, मध्ये सात-आठ शब्द. नवशिक्या 'नेम्ट' शोधतो, 'घेतो' असं लिहितो, आणि शेवटच्या 'ओप'चं काय करायचं ते त्याला कळत नाही. पोट अन्नरस शोषून घेतं याऐवजी पोट अन्नरस घेतं, वर. उपवाक्यात तर क्रियापद मुळातच शेवटी जातं, हे जपानी मुलाला सोयीचं, कारण जपानीतही ते शेवटीच येतं, आपल्या मराठीसारखं. मुख्य वाक्य आणि उपवाक्य यांतला हा फरक वाक्यरचनेच्या पुस्तकात शिकवलेला असे. ते पुस्तक कच्चं राहिलेला मुलगा कोश कितीही चाळो, बैठकीत आपटायचाच. व्याकरणावर इतका भर होता तो यासाठी.

तिसरी पायरी प्रत्यक्ष बैठक. दहा ते पंधरा जणांचा गट, आणि वरच्या इयत्तेतला एक जण प्रमुख, त्याला 'काइतो' म्हणत. एकेकाने आपल्या वाट्याच्या ओळींचा अर्थ लावायचा, अडला तर पाळी पुढच्याकडे. काइतो मध्ये बोलत नसे. तो ऐके आणि नावापुढे खूण करी, जमलं तर पांढरा ठिपका, चुकलं तर काळा. महिन्यातून साधारण सहा बैठका, एक आणि सहा किंवा तीन आणि आठ या अंकांच्या तारखांना, म्हणजे दर पाच दिवसांनी परीक्षा. इयत्ता सात-आठ. आपल्या इयत्तेत सलग तीन महिने पहिली जागा टिकवली की वरच्या इयत्तेत. कोण कुठल्या घराण्यातला, कुठल्या सरदाराचा मुलगा, याचा काही संबंध नाही. त्या काळच्या जपानमध्ये जन्मावरून सगळं ठरत असताना ही फार मोठी गोष्ट होती, आणि तेकिजुकुबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

गुणांचा परिणाम झोपेवरही व्हायचा. माडीवरच्या मोठ्या खोलीत प्रत्येकाला एक तातामी, म्हणजे साधारण सहा फूट बाय तीन फुटांची एक चटई. बसायचं मेज, अंथरूण-पांघरूण, पुस्तकं, सगळं त्यातच. नागायो सेन्साई हा पुढे जपानच्या आरोग्य खात्याचा पहिला प्रमुख झाला. त्याने लिहून ठेवलंय की वाटेवरची चटई आली तर रात्री जाणारे-येणारे अंगावर पाय देत, आणि भिंतीकडची आली तर भर दिवसा दिवा लावून वाचावं लागे. दर महिन्याला जागा बदलत आणि वरचा क्रमांक असलेला आधी निवडी. उजेडाची जागा हेच बक्षीस. त्या खोलीच्या मधल्या खांबावर तलवारीचे वार आहेत, तरुण मुलांनी जाता-येता केलेले. घर पाहायला गेलात तर तो खांब आवर्जून पाहा.

नक्कलीची साधनं कशी होती ते सांगतो, कारण असले बारकावे सहसा कुणी सांगत नाही. आडव्या ओळीत डच अक्षरं लिहायला जपानी कुंचला चालत नाही, त्याची रेघ जाड येते. पिसाची लेखणी हवी, पण युरोपातून आलेली लेखणी कोण देणार? ओसाकाच्या बाजारात बोनिटो मासा धरायच्या गळासाठी पक्ष्याच्या पिसांचे देठ तीनेक इंच कापून स्वस्तात विकत. मुलं तेच आणत आणि चाकूने टोक काढत. कागदाचा प्रश्न वेगळा. जपानी कागद शाई पितो, बारीक अक्षर लगेच फुटतं. त्यावर आधी सरस आणि तुरटीचं पाणी फिरवून तो वाळवायचा. सरसामुळे कागदाची छिद्रं बुजतात आणि तुरटीमुळे तो थर पक्का बसतो. असं केलं की पिसाच्या टोकाची शाई जिथल्या तिथे राहते. शाई मात्र नेहमीचीच, दगडावर उगाळलेली काजळीची.

ही नक्कल पोटालाही लावे. एदोतल्या सरदारांना आणि वैद्यांना झूफुची प्रत हवी असे. तीस ओळींचं डच पान उतरवलं की सोळा मोन (मोन हे त्या काळचं लहान नाणं) आणि जपानी टीपांचं पान उतरवलं की आठ मोन. फुकुझावाने हिशेब दिलाय, दिवसाला दहा पानं म्हणजे १६४ मोन. सोळा दाहे एकशे साठ, मग वरचे चार कुठून आले? त्या काळी ९६ नाण्यांची माळ व्यवहारात शंभर धरत, म्हणून १६० नाणी म्हणजे एक माळ आणि वर ६४. विद्यार्थ्याचा रोजचा खर्च शंभर मोनच्या आत भागत असे. म्हणजे नक्कल करून शिकता येत होतं, घरून पैसे आले नाहीत तरी. गरीब मुलाला हा फार मोठा आधार होता, आणि दहा पानं उतरवता उतरवता कोश डोक्यात भिनायचा तो वेगळाच.

एक प्रसंग या सगळ्यावर प्रकाश टाकतो. फुकुओकाचे सरदार कुरोदा ओसाकातून जात असताना कोआन त्यांना भेटायला गेले आणि त्यांच्याकडचं नवं डच भौतिकशास्त्राचं पुस्तक मागून घेऊन आले. किंमत ऐंशी र्यो, म्हणजे सोन्याची नाणी, विद्यार्थ्याने स्वप्नातही पाहू नये इतकी. सरदारांचा मुक्काम दोन-तीन दिवसांचा. हजारेक पानांचं पुस्तक तेवढ्यात उतरवून होणं शक्य नव्हतं आणि सरदारांचं पुस्तक उसवायची सोय नव्हती, नाहीतर पानं सुटी करून तीस-चाळीस जणांत वाटली असती. मग त्यांनी ठरवलं की फक्त विजेचं प्रकरण घ्यायचं. त्यात फॅरडेचे नवे सिद्धांत होते आणि विद्युतघट कसा करायचा तेही. एक मोठ्याने वाचतो, दुसरा लिहितो. दमला की उठतो, तिसरा त्याच्या जागी बसतो, उठलेला तिथेच आडवा होतो. दिवस-रात्र असं चालवून दीडशे-एकशे साठ पानं आकृत्यांसकट उतरवली आणि सरदार निघायच्या आत पुस्तक परत केलं. त्यानंतर विजेबद्दल तेकिजुकुच्या मुलांना जेवढं माहीत होतं तेवढं जपानमध्ये क्वचितच कुणाला माहीत असेल.

वाचलेलं करून पाहायची त्यांना ओढ होती. अमोनियाची कृती घ्या. शिंग-खुरांत नायट्रोजन असतो आणि ते बंद भांड्यात तापवले की अमोनिया सुटतो. कासवाच्या पाठीची कारागिरी करणाऱ्या दुकानांत घोड्याच्या खुरांचे तासलेले तुकडे ढीगभर पडलेले असत आणि खत म्हणूनच जात. ते आणायचे, मातीच्या सुरईत भरायचे, सुरईला बाहेरून मातीचा लेप द्यायचा म्हणजे आचेने ती तडकत नाही, मोठ्या भांड्याची भट्टी करून तीन-चार सुरया एकदम तापवायच्या आणि नळीतून थेंब थेंब द्रव गोळा करायचा. द्रव निघाला. पण घाण इतकी की अंगावरचे कपडे वास सोडेनात, स्नानगृहात लोक जवळ बसू देईनात, घरातल्या मोलकरणींना जेवण जाईना. मग मुलांनी नाव भाड्याने घेतली आणि भट्टी नदीवर नेली. काठावरचे लोक ओरडायला लागले की नाव वरच्या बाजूला, तिकडचे ओरडले की पुन्हा खाली.

आयोडीन काढायचा प्रयत्न मात्र फसला. तेन्माच्या बाजारातून समुद्री शेवाळ आणून त्यांनी खापरात भाजलं, तोंडं काळी झाली, हाती काही लागलं नाही. याचं कारण रसायनात आहे. शेवाळ फार तापवलं की त्यातलं आयोडीन राखेत राहण्याऐवजी उडून जातं. आच बेताची ठेवून राख करायची, ती पाण्यात कालवून क्षार काढायचे, त्यातले बाकीचे क्षार वेगळे करायचे आणि मग आम्ल घालून आयोडीन मोकळं करायचं, इतक्या पायऱ्या नीट सांभाळल्या तरच चिमूटभर मिळतं. पुस्तकातल्या चार ओळींवरून आणि आच मोजायच्या साधनाशिवाय हे जमणं कठीणच.

इथे तेकिजुकुची उणीव सांगितली पाहिजे, कारण तिचं कौतुक करणारे बरेचदा ती झाकून नेतात. ही वैद्यकशाळा होती, पण विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ रोग्याजवळ जात नव्हता. कुत्री-मांजरं फाडून पाहत, कधी एखाद्या देहदंड दिलेल्याचं शव मिळे, पण रोज रुग्णालयात फिरून शिकणं हा प्रकार नव्हता. नागायोने स्वतःच लिहिलंय की ही नावाला वैद्यांची शाळा, खरं तर डच पुस्तकं उलगडायची संस्था, तिथे तोफखाना शिकणारे होते, वनस्पती शिकणारे होते, रसायन शिकणारे होते. तो पुढे नागासाकीला गेला. तिथे पोम्पे फान मीर्देरफोर्त नावाचा डच नौदलाचा डॉक्टर १८५७ पासून शिकवत होता आणि १८६१ मध्ये त्याने रुग्णालयही उभारलं. तिथे नागायोला कळलं की कोशाशी झटापट न करताही वैद्यक साध्या शब्दांत, रोग्यापाशी उभं राहून शिकता येतं. हा बदल त्याला जड गेला. शब्दाशब्दाला अडून शिकण्याची सवय हाडीमाशी मुरली होती. माझ्या मते दोन्ही खरं आहे. पोम्पेकडे डॉक्टर लवकर तयार झाले. पण समोर शिकवणारा नसताना अनोळखी विषय पहिल्या पानापासून स्वतः उलगडायची ताकद तेकिजुकुने दिली, आणि १८६८ मध्ये सत्तांतर होऊन नवं सरकार आल्यावर जपानला तशीच माणसं हवी होती. फुकुझावाने केइओ ही शिक्षणसंस्था उभी केली, ओमुरा मासुजिरोने नवं सैन्य बांधलं, सानो त्सुनेतामीने जी सेवासंस्था काढली तीच पुढे जपानी रेड क्रॉस झाली. यांतलं एकही काम तेकिजुकुच्या पाठांत नव्हतं.

मग वैद्यक कुठे होतं? ते कोआन यांच्या स्वतःच्या कामात होतं. जर्मन वैद्य हुफेलांड यांनी पन्नास वर्षांच्या अनुभवावर लिहिलेल्या ग्रंथाचा डच अनुवादावरून त्यांनी जपानी अनुवाद केला. तो तीस खंडांत १८५७ ते १८६१ या काळात बाहेर पडला. त्याच ग्रंथातल्या वैद्याच्या कर्तव्यांवरच्या भागाचा त्यांनी बारा कलमांत सारांश काढला. दुसऱ्या कलमाचा आशय असा की रोग्यासमोर फक्त रोगी पाहावा, श्रीमंत-गरीब पाहू नये, श्रीमंताने दिलेलं मूठभर सोनं आणि गरिबाच्या डोळ्यांतलं कृतज्ञतेचं पाणी यांची तुलना करून पाहावी. पुढच्या एका कलमात रोग्याचा खर्च कमी कसा होईल ते बघा, असं सांगितलंय. जीव वाचवला आणि जगायला लागणारा पैसा काढून घेतला, तर उपयोग काय?

फुकुझावाला विषमज्वर झाला तेव्हा कोआन रोज येऊन तपासत. पण औषध त्यांनी स्वतः दिलं नाही, दुसऱ्या वैद्याला द्यायला लावलं. कारण त्यांनीच सांगितलं, तू मला मुलासारखा, पोटच्या मुलाला औषध देताना वैद्याचा निर्णय डळमळतो, तसं माझं होईल. वैद्यकाचा इतका नेमका धडा कुठल्या काइदोकुत मिळाला नसता.

आणि देवीची लस. कोआन यांचं सर्वांत कष्टाचं काम हेच. मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला १४ जून १८०२ रोजी लस टोचली गेली. भारतातलं ते पहिलं लसीकरण. जपानमध्ये लस टिकून पोचायला १८४९ उजाडलं, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं. बाताव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, नागासाकीपर्यंतच्या उन्हाळी प्रवासात बाटलीतली लस दर वेळी मरून जायची. शेवटी नाराबायाशी सोकेन या वैद्याने सुचवलं की पातळ लस नको, वाळलेल्या खपल्या आणा. मोनिके या डॉक्टरने तशा मागवल्या, आणि नाराबायाशीच्याच मुलाच्या दंडावर फोड आला. खपलीत विषाणू कोरड्या आवरणात सुरक्षित राहतो, म्हणून तो उष्णतेत जास्त तग धरतो.

पण खपली एकदा लागली की पुढचं काम माणसांच्या साखळीनेच करावं लागे. लस टोचल्यावर तीन-चार दिवसांनी पुटकुळी दिसते आणि सातव्या-आठव्या दिवशी ती टपोरी, मधे खळगा असलेली, आत पाण्यासारखी लस भरलेली होते. ती काढायची वेळ हीच. दोन-तीन दिवस उशीर झाला की लशीचा पू होतो आणि टोचून उपयोग नाही. भलताच फोड आला आणि तो खरा समजून लस काढली तर पुढची सगळी मुलं असुरक्षितच राहतात, आणि देवीची साथ आली की लस खोटी असं म्हणायला लोक मोकळे. म्हणून आठवड्याला एकदा टोचणी, आधीच्या आठवड्याची मुलं परत आणायची, फोड पारखायचा, चांगल्या फोडातून नव्या मुलांच्या दंडावर. एका आठवड्याला नवं मूल मिळालं नाही, तर साखळी तुटली आणि लस शहरातून गेली.

ही लस क्योतोहून ओसाकाला १८४९ च्या शेवटी आली. हिनो तेइसाई आणि फुकुईचे कासाहारा ऱ्योसाकु यांच्याकडून ती मिळाली. यामातोया किहेई या व्यापाऱ्याने पैसा दिला, फुरुतेमाची भागात घर घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं 'जोतोकान', देवी घालवायचं घर. सुरुवातीला लोकांनी पाठ फिरवली. गाईच्या देवीपासून आलेली ही लस मुलाला अपाय करते अशी अफवा शहरभर पसरली. कोआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय की नाइलाजाने तांदूळ आणि पैसे देऊन दर बैठकीला गरिबाघरची चार-पाच मुलं जमवावी लागत, आणि असं कित्येक वर्षं. लस चालू राहावी म्हणून पदरचा पैसा घालून चार मुलं दर आठवड्याला आणत राहायचं! १८५८ मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने या घराला मान्यता दिली. त्याच्या शाखा आसपासच्या प्रांतांत पोचल्या आणि त्यांतल्या कित्येक वैद्यांनी तेकिजुकुतच डच वाचन केलेलं होतं.

त्याच १८५८ मध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, आली. कोआन यांनी तीन युरोपीय ग्रंथांतले पटकीचे भाग काढून, रोगी पाहता पाहता, पाच-सहा दिवसांत एक लहान पुस्तिका तयार केली. शंभरच प्रती, विक्रीसाठी नव्हे, वैद्यांना वाटण्यासाठी. 'कोरोरी' हे रोगाचं नाव त्यांनी वाघ आणि लांडगा या चिन्हांनी लिहिलं.

१८६२ मध्ये शोगुनने त्यांना एदोला बोलावलं, दरबारी वैद्य आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या संस्थेचे प्रमुख म्हणून. त्यांना जायचं नव्हतं. पुढच्याच वर्षी रक्ताची उलटी होऊन ते तिथे वारले. वय अवघं बावन्न. १८६९ मध्ये नव्या सरकारने ओसाकातल्या दाइफुकुजी मंदिरात तात्पुरतं रुग्णालय आणि वैद्यकशाळा उघडली, तेव्हा डच डॉक्टर बौदुइन यांच्याबरोबर कोआन यांचे चिरंजीव कोरेयोशी काम पाहत होते. आजच्या ओसाका विद्यापीठाच्या वैद्यकशाखेचा सरळ धागा तिथून आहे. किताहामाचं घर १९४२ मध्ये विद्यापीठाकडे आलं. युद्धातल्या बॉम्बवर्षावातून ते वाचलं.

त्या १८६९ सालीच ओमुरा मासुजिरोवर क्योतोत तलवारींचा हल्ला झाला. तो कधीकाळी तेकिजुकुचा मुख्य विद्यार्थी होता. पायाची जखम चिघळत गेली, ओसाकाच्या नव्या रुग्णालयात आणून बौदुइन यांनी पाय कापला, पण फार उशीर झाला होता आणि तो वाचला नाही. कापलेला पाय गुरूजवळ पुरा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. ओसाकाच्या किता भागात र्युकाइजी मंदिरात कोआन आणि त्यांच्या पत्नी याए यांच्या समाध्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी ओमुराच्या पायाचा दगड.